सतरा नंबरची बाटली

फ्राऊ केटेलर यांच्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं आणि त्याच्या शेवटी एक प्रश्न होता. मी ते जर्मन शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश मला रोज लागायचा, त्यामुळे पत्रही रोज दिसायचं. ‘उद्या लिहू’ म्हणून मी पान उलटायचो. उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते लिहायला माझ्यासारख्याने बसावं का, एवढीच शंका होती, आणि माझ्या शंका सहसा माझ्यापेक्षा जास्त जगतात.

त्या बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या तो दिवस मात्र लख्ख आठवतो. ऑक्टोबर महिना, दुपारचे बरोबर दोन. घंटा वाजली तशी त्रिशला, माझी मुलगी, स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“आप्पा, आल्या त्या. शर्टाचं वरचं बटण लावा.”

“लावलंय.”

“मग काढा. गळा आवळल्यासारखे दिसताय.”

खरं म्हणजे त्यांना मीच बोलावून घेतलं होतं.

मी जयसिंगपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं परिचर होतो. शिक्षण जुनी अकरावी. पण कपाटातली पुस्तकं झाडता झाडता मी ती वाचायचो, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर क्षारांचे खडे वाढवायचो. पाण्यात क्षार विरघळवायचा, त्यात केसाला बांधलेला एक बारीक खडा सोडायचा आणि महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. एवढाच माझा छंद. कुसुम, माझी बायको, म्हणायची, “लोक कोंबड्या पाळतात, आमच्यात दगड पाळतात.” ती गेली आणि त्रिशलाने मला आपल्याकडे जर्मनीला आणलं. आम्ल, नायट्रेट असलं काहीबाही मी कॉलेजला देऊन टाकलं. उरलेल्या साध्या क्षारांच्या एकोणीस बाटल्या विमानातून नेता येईनात, म्हणून त्या नावांची यादी जोडून घरच्या सामानाबरोबर जहाजाने आल्या.

बाटल्या कपाटात लावल्या त्या दिवशी मी जावयांना विचारलं, “भरतेशराव, याला इथं परवानगी लागत असेल का?”

“आप्पा, कुणाला विचारू नका. विचारलं की नाही म्हणतात. न विचारता ठेवलं की ते नुसतं कपाट असतं.”

“पण काही नियम असेल ना?”

“नियम सगळ्यालाच असतो हो इथं. रिकामी बाटली कुठल्या डब्यात टाकायची त्याला आहे, दुपारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही त्याला आहे.”

“मग याला नसेल असं कसं?”

भरतेशराव हसून त्रिशलाला म्हणाले, “तुझे वडील इथं जन्माला यायचे ते चुकून जयसिंगपुरात आले.”

शेवटी माझ्या भुणभुणीला कंटाळून त्रिशलाने गावच्या कचेरीला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की अधिकारी येऊन पाहतील. आणि आता अधिकारी आल्या होत्या. साठीच्या आसपास, उंच, बारीक कापलेले पांढरे केस. कुणी न सांगता त्यांनी दारात बूट काढले. मला तेवढ्यानेच थोडा धीर आला.

मी कपाट उघडलं. बाटल्या पुसून, ओळीने लावल्या होत्या. बाईंनी वाकून एक ते एकोणीस नंबर वाचले. मग त्रिशलाला काहीतरी विचारलं.

“नावं कुठायत म्हणतायत.”

“नावं नसतात.”

“आप्पा, तसं नका सांगू. का नसतात ते सांगा.”

आता हे कसं सांगायचं? आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना अनोळखी क्षार ओळखायला देतात. बाटलीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय आहे ते सरांना माहीत आणि बाटल्या भरणाऱ्याला माहीत. भरणारा मी. कागदावर लिहिलं तर फुटेल, म्हणून सगळं डोक्यात. अडतीस वर्षांत सवय अशी लागली की नाव लिहिलेली बाटली मला उघड्या अंगाची वाटते. घरच्या बाटल्यांनाही मी नंबरच दिले. यादीत नावं होती, बाटल्यांवर नंबर होते, आणि दोन्ही जोडणारा दुवा म्हणजे माझं म्हातारं डोकं.

त्रिशलाने हे सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्या विचारतायत, विद्यार्थ्यांना कळू नये म्हणून नाव नाही, ते समजलं. पण या घरात विद्यार्थी कुठायत?”



मग त्यांनी नियम सांगितला. आत काय आहे ते ज्या बाटलीवर लिहिलेलं नाही ती धोक्याची समजायची. ती त्या घेऊन जाणार, आणि ती नष्ट होणार. ओळखलेल्या, निरुपद्रवी वस्तूंना हरकत नाही. फक्त नावाची चिठ्ठी लावायची आणि कपाटाला कुलूप घालायचं.

“सगळ्याच नेणार?” मी विचारलं. माझी नजर सतरा नंबरकडे गेली आणि मी ती चटकन काढून घेतली.

“एकोणीसच्या एकोणीस.”

“त्यांना सांग, मला सगळ्यांची नावं येतात.”

बाई यावर काही बोलल्या. त्रिशला जरा घुटमळली. “म्हणतायत, सांगायला काय, कुणीही सांगेल. दाखवता येतं का?”

“येतं.” हा शब्द माझ्याच तोंडून आला की काय म्हणून मी क्षणभर बघतच राहिलो.

बाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला. पुढचं त्रिशलाने भाषांतर केलं ते असं: “मी तरुणपणी चार वर्षं प्रयोगशाळेत काम केलं आहे. आज दुपारी मला दुसरं काम नाही. तुम्ही ही परीक्षा कितीदा दिलीत?”

“एकदाही नाही. मी बाटल्या मांडायचो.”

“मग आज मी मांडते.”

आणि खरंच त्यांनी एकेक बाटली दोन्ही हातांनी उचलून जेवणाच्या टेबलावर मांडली, गॅसच्या शेगडीजवळची जागा मोकळी केली आणि मला हाताने ‘या’ म्हटलं. हजारो मुलांसाठी मी टेबलं पुसली होती. परीक्षेच्या टेबलाशी माझ्यासाठी कुणी जागा केल्याची ती पहिलीच वेळ. 

रीत ठरली. बाई नंबर बोलणार, त्रिशला तो मराठीत सांगणार, मी नाव सांगायचं आणि मग प्रयोग करून ते खरं करायचं. पडदे ओढले, म्हणजे ज्योत नीट दिसेल. माझ्याकडे प्लॅटिनमची तार होती, बोटभर लांबीची. निवृत्तीच्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी ती मला पेनच्या डबीत घालून दिली होती.

“चार.”

“स्ट्रॉन्शियम.”

तार क्षारात बुडवून ज्योतीत धरली. डाळिंबाचा दाणा फुटावा तशी ज्योत लाल झाली. बाईंनी कागदावर खूण केली.

“नऊ.”

“पोटॅशियम क्लोराईड. याचा रंग लाजरा आहे म्हणावं. निळ्या काचेतून बघावा लागतो.”

बाईंनी निळी काच डोळ्याला लावली आणि फिकट जांभळी ज्योत विझली तरी ती तशीच धरून ठेवली.

“अकरा.”

“मोरचूद. पण याची ज्योत नको दाखवू या. मणी दाखवतो.”

तारेच्या टोकाला बारीक कडी केली, सवागीत, म्हणजे बोरॅक्सच्या भुकटीत, बुडवून तापवली. सवागी फुगली, आक्रसली आणि कडीत काचेचा थेंब तयार झाला, पाण्यासारखा स्वच्छ. त्याला मोरचुदाचा कण लावून पुन्हा ज्योतीत धरला. बाहेर काढला तेव्हा मणी हिरवा होता. मी तो हवेत धरून ठेवला.  मणी निवत गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत हिरव्याचा निळा झाला, मोराच्या मानेचा असतो तसा.

बाई दोन शब्द बोलल्या.

“परत एकदा करा म्हणतायत,” त्रिशला म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता.

मी परत केलं. हा मणी मी आयुष्यात शेकडो वेळा पाहिला असेन, पण मुलांना दाखवणाऱ्या सरांच्या खांद्यामागून. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की हे आश्चर्य माझ्याही हातात होतं.

असं करत आम्ही सोळापर्यंत आलो. सोळाही बरोबर. बाईंच्या कागदावर खुणांची रांग लागली होती.

त्यांनी पुढची बाटली उचलली. बाकीच्यांवर नंबरच्या नव्या चिठ्ठ्या होत्या, हिच्यावर कॉलेजातली पिवळी पडलेली जुनी. आत मोठ्या बोराएवढा एक खडा होता, आठ पैलूंचा, इतका नितळ की बाटलीच्या पलीकडची अक्षरं त्यातून दिसावीत. बाटलीच्या तोंडातून तो बाहेर निघण्यासारखा नव्हता. आतच वाढला होता. बाईंनी तो पडद्याच्या फटीतल्या उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग नंबर बोलल्या.

त्रिशलाने तो सांगितला नाही.

मी वर पाहिलं. ती त्या जुन्या चिठ्ठीकडे बघत होती.

“सतरा,” ती म्हणाली.

मी तार ज्योतीपासून बाजूला घेतली. शेगडीची ज्योत तेवढी सूं सूं करत होती. बाई माझ्याकडे पाहत होत्या. घड्याळात पाव मिनिट गेलं असेल, अर्धं गेलं असेल.

“आप्पा,” त्रिशला अगदी हळू, बाईंकडे न बघता, जणू काही नंबरच पुन्हा सांगतेय अशा सुरात म्हणाली, “तुरटी आहे ती. माझाच क्षार.”

बाईंना मराठी येत नव्हतं. मी फक्त ‘तुरटी’ म्हणायचं होतं. तळाच्या चुऱ्याच्या एका चिमटीवर सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की सिद्ध करूनही झालं असतं.

“त्यांना सांग,” मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

“आप्पा!”

“माहीत नाही म्हणून सांग.”

“अहो, त्या घेऊन जातील ती!”

“नियम आहे तो.”

त्रिशलाने सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग सतरा नंबर बाजूला ठेवला. अठरा आणि एकोणीस मी कसे केले ते मला आठवत नाही, पण बरोबर आले. जाताना बाईंनी सतरा नंबरची बाटली आपल्या लोकरी स्कार्फमध्ये गुंडाळली. नष्ट करायची वस्तू कुणी अशी गुंडाळत नाही, हे मला नंतर सुचलं.

दार लागल्यावर त्रिशला माझ्यासमोर उभी राहिली.

“एक शब्द घ्यायचा होता माझ्याकडून. एकच.”

“बाळ, परीक्षेत...”

“तुम्हाला कळतच नाही, आप्पा. तेव्हाही कळलं नाही.”

ती आत गेली. आठ दिवस ‘जेवायला या’ यापलीकडे माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा म्हणजे त्याच्या एकोणीस वर्षं आधीच्या मार्चमध्ये. त्रिशला बारावीला होती, आमच्याच कॉलेजात. प्रात्यक्षिकाच्या आधी मुलं माझ्या मागे लागायची, “मामा, नुसतं पहिलं अक्षर सांगा,” “मामा, बोटांनी खूण करा.” प्रयोगशाळेतल्या परिचराला सगळे मामाच म्हणतात. मी कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे अभिमान बाळगण्यासारखं तेवढं एकच होतं. त्या दिवशी चिठ्ठी काढून त्रिशलाच्या वाट्याला सतरा नंबर आला. बाटली तिच्या टेबलावर मीच ठेवली. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वळलो आणि दारापाशीच्या मोरीवर जाऊन बीकर विसळत बसलो.

तिचा क्षार चुकला. त्याचे गुण गेले आणि चार गुणांनी फार्मसीची जागा गेली. कुसुम मला महिनाभर काही बोलली नाही. पुढे मात्र शेवटपर्यंत अधूनमधून म्हणायची, “बाप असून एक अक्षर फुटलं नाही तोंडातून.” त्रिशला स्वतः कधीच काही म्हणाली नाही. बी. कॉम. झाली, लग्न होऊन इथं आली, आता वृद्धाश्रमाच्या कचेरीत काम करते.

परीक्षा संपल्यावर तिच्या बाटलीत दोन चमचे तुरटी उरली होती. ती मी सरांना विचारून घरी आणली. खडा बांधायला केस लागतो, तो तिच्या फणीतला घेतला. त्या बाटलीला मी पुढे कधी दुसरा नंबर दिला नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी, त्रिशला कामावर असताना, पोस्टाने एक खोकं आलं. आत तोच लोकरी स्कार्फ, त्यात बाटली. खड्याला धक्काही लागलेला नव्हता. तळाशी जमलेला चुरा तेवढा तपासाला घेतला होता. जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली नवी लावली होती, सुवाच्य अक्षरात: तुरटी. आणि ते पत्र. शब्दकोश घेऊन मला ते लावायला दोन दिवस लागले.

वस्तू निरुपद्रवी आहे, नियमाप्रमाणे परत करीत आहे, इथवर कचेरीचं होतं. पुढे लिहिलं होतं: “आता माझं स्वतःचं. मी या महिन्यात निवृत्त होत आहे. तो निळा मणी मी विसरणार नाही. पण एक गोष्ट मला समजली नाही. सतरा नंबरचं नाव तुम्हाला माहीत होतं, ते तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरी तुम्ही नाही का म्हणालात? कळवलंत तर बरं वाटेल.” खाली घरचा पत्ता.

संध्याकाळी त्रिशलाने खिडकीत बाटली पाहिली. “परत आली?”

“आली.”

“काही लिहिलंय?”

“निरुपद्रवी आहे म्हणतात.”

पत्राचं मी सांगितलं नाही. उत्तर जर्मनमध्ये लिहायचं म्हणजे तिच्याकडूनच लिहून घ्यावं लागणार, आणि तेच तर तिला सांगायची माझी छाती होत नव्हती. म्हणून मी भाषा शिकायचं ठरवलं. गावच्या ग्रंथालयात म्हाताऱ्यांचा वर्ग चालायचा, तिथे जाऊ लागलो. पहिली दोन वर्षं वाटलं, अजून व्याकरण कच्चं आहे. पुढची दोन वाटलं, आता फार उशीर झाला. बाकीची कशी गेली ते कळलं नाही. माणूस स्वतःला किती बारीक बारीक कारणं देऊ शकतो!

यंदा फेब्रुवारीत वर्गातल्या शिक्षिकेने प्रत्येकाला एक खरंखुरं पत्र लिहायला सांगितलं. मी घरी आलो, बसलो आणि लिहिलं. सात वेळा लिहिलं. मग ते त्रिशलाच्या हातात दिलं आणि म्हणालो, “चुका काढ.”

त्याच टेबलाशी ती वाचायला बसली. हातात पेन्सिल होती. पहिल्या परिच्छेदात दोन ठिकाणी तिने खुणा केल्या. मग पेन्सिल थांबली.

मी लिहिलं होतं: “बाई, नाव मला माहीत होतं. ते माझ्या मुलीनेही मला आमच्या भाषेत सांगितलं. पण ती तिच्या परीक्षेची बाटली होती. तिला तो क्षार ओळखता आला नाही तेव्हा मी बाप असून सांगितलं नाही. मग त्याच बाटलीचं नाव सांगून मी पास कसा होऊ? तिचे गुण गेले, तर माझेही तिथेच जाऊ देत, असं वाटलं. मी बरोबर केलं की नाही ते मला अजून कळत नाही.”

त्रिशलाने कागद खाली ठेवला.

“आणि मला वाटत होतं, मी कॉपी पुरवली म्हणून तुम्ही मला शिक्षा केलीत.”

“नाही गं.”

“नऊ वर्षं वाटत होतं, आप्पा.”

 तिने पुन्हा कागद उचलला.

“व्याकरणाच्या सहा चुका आहेत. त्या करते नीट. पण एक दुसरी चूक आहे.” तिने एका वाक्याखाली पेन्सिल टेकवली. “हे. ‘तिला तो क्षार ओळखता आला नाही.’”

“मग?”

“आला होता.”

मला वाटलं ती माझी समजूत काढतेय.

“अहो, तुरटी ओळखायला काय झालं? लहानपणापासून कट्ट्यावर तेच तर बघत होते. चिमटीत घेतल्या घेतल्या कळलं. सगळ्या परीक्षा करून नीट लिहिलं. मग बाहेरगावचे परीक्षक फिरत आले. माझ्या जर्नलवरचं आपलं मगदूम आडनाव वाचलं आणि मोरीकडे बघितलं, तुम्ही बीकर विसळत होता तिकडे. आणि हसले. बोलले काही नाहीत, नुसते हसले.” ती थांबली. “मी खोडलं.”

“खोडलंस?”

“दुसरं लिहिलं. झिंक.”

“त्रिशला...”

“कॉलेजभर झालं असतं, मामांनी पोरीला सांगितलं म्हणून. तुमच्याजवळ तेवढं एकच होतं ना हो.”

“आणि आई मला एवढं बोलायची, तेव्हा तरी सांगायचंस.”

“आईने मला फाडून खाल्लं असतं. मी अठरा वर्षांची होते, आप्पा. आधी भीती वाटली, मग सांगायची वेळ निघून गेली. तुम्हाला असं होत नाही का?”

मी शब्दकोशाकडे पाहिलं. तीही पाहत होती. बाईंचं पत्र इतकी वर्षं कुठे होतं ते मी माझं पत्र तिच्या हातात देताना सांगितलं होतं.

मग मी माझ्या मुलीकडे बघत राहिलो. कानशिलाजवळचे तिचे केस पांढरे झाले होते. आठच्या आठ पैलू पूर्ण वाढलेला तो खडा इतकी वर्षं माझ्या घरात होता, माझ्यासमोर जेवत होता, आणि मी खिडकीतल्या बाटलीकडे बघत बसलो होतो.

“ते वाक्य बदलायला पाहिजे,” मी म्हणालो.

“बदला. तुमचं पत्र आहे.”

मी ते खोडलं आणि तिच्याकडून एक क्रियापद विचारून घेऊन वर लिहिलं: “तिला तो क्षार ओळखता आला होता. हे मला आजच कळलं.” तिच्याकडून शब्द घेताना या वेळी मला काही वाटलं नाही.

तिने सहा चुका दुरुस्त केल्या. मी पत्र आठव्यांदा लिहून काढलं, पाकिटात घातलं, वर नऊ वर्षांपूर्वीचा पत्ता घातला. बाई अजून तिथेच राहतात का, आहेत का, काहीच ठाऊक नव्हतं.

“मी येऊ का बरोबर?” त्रिशलाने विचारलं.

“ये.”

कोपऱ्यावर पिवळी टपालपेटी आहे. इथल्या पेट्या पिवळ्या असतात. मी झाकण उचललं, जरा थांबलो.  मी पाकीट सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.